सी++ मधील ॲलोकेटर

ॲलोकेटर हा सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीतील एक घटक आहे. व्हेक्टर, लिस्ट, मॅप यांसारख्या कंटेनरांना लागणारी स्मृती कोठून मिळवायची आणि काम संपल्यावर ती कशी परत करायची, हे तो ठरवतो. कंटेनर माहितीची मांडणी सांभाळतो, तर ॲलोकेटर त्या माहितीला जागा पुरवतो. प्रोग्रामरने वेगळा ॲलोकेटर दिला नाही तर लायब्ररीतील मूळ ॲलोकेटर वापरला जातो; तो भाषेतील न्यू आणि डिलीट या क्रियांद्वारे हीपमधून स्मृती घेतो व परत करतो. विशिष्ट गरजेसाठी स्वतंत्रपणे लिहिलेल्या ॲलोकेटरला सानुकूल ॲलोकेटर असे म्हणतात.

सानुकूल ॲलोकेटर वापरण्यामागे सामान्यतः तीन हेतू असतात: वेग वाढवणे, स्मृतीचा अपव्यय टाळणे आणि वाटपाला लागणारा वेळ आधी सांगता येईल इतका निश्चित करणे. संगणकीय खेळ, वित्तीय व्यवहारांची सॉफ्टवेअर, डेटाबेस आणि औद्योगिक नियंत्रण प्रणाली या क्षेत्रांत त्यांचा उपयोग होतो. १९९४ पासून सी++ च्या लायब्ररीचा भाग असलेल्या या घटकाची रचना पुढील तीन दशकांत अनेकदा बदलली आहे. तिच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांमध्ये आजही मतभेद आहेत.

पार्श्वभूमी

प्रोग्राम चालू असताना त्याला लागणारी स्मृती प्रामुख्याने दोन ठिकाणांहून मिळते. फंक्शनमधील स्थानिक चल स्टॅकवर ठेवले जातात. त्यांची जागा फंक्शन संपताच आपोआप मोकळी होते. ज्या माहितीचा आकार किंवा आयुष्य आधी ठरवता येत नाही, ती हीपवर ठेवली जाते. हीपमधून जागा देण्याचे काम सर्वसाधारण वाटप-यंत्रणा करते. सी भाषेतील मॅलॉक हे फंक्शन तिचे सर्वपरिचित रूप होय.

सर्वसाधारण यंत्रणेला कोणत्याही आकाराची मागणी, कोणत्याही क्रमाने आणि कोणत्याही थ्रेडकडून आली तरी ती पूर्ण करावी लागते. या सर्वसमावेशकतेची किंमत तीन प्रकारे मोजावी लागते. पहिली म्हणजे वेळ: योग्य आकाराचा मोकळा तुकडा शोधणे आणि अनेक थ्रेडांमध्ये समन्वय राखणे यांत वेळ जातो, आणि तो प्रत्येक वेळी सारखाच असेल असे नाही. दुसरी म्हणजे जादा जागा: प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या आकाराची नोंद ठेवावी लागते व तुकडा ठरावीक पटीत वाढवावा लागतो. तिसरी म्हणजे विखंडन: एकूण मोकळी स्मृती पुरेशी असूनही ती लहान लहान तुकड्यांत विखुरल्यामुळे मोठी मागणी पूर्ण होत नाही. उदाहरणार्थ, १०० किलोबाइट मोकळी जागा १० किलोबाइटच्या दहा सुट्या तुकड्यांत असेल, तर २० किलोबाइटची एक मागणीही नाकारली जाते.

या किमतीचा अंदाज एका काल्पनिक उदाहरणावरून येतो. बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या रासायनिक कारखान्यात तापमान व दाब मोजणारे २०० संवेदक आहेत, प्रत्येक संवेदक दर सेकंदाला एक वाचन पाठवतो आणि शेवटच्या एका तासाची वाचने संगणकाच्या स्मृतीत ठेवायची आहेत, असे मानू. संवेदकाचा क्रमांक, वेळ आणि मूल्य मिळून एक वाचन १६ बाइटचे आहे. तासाभराची वाचने ७,२०,००० होतात आणि मूळ माहिती सुमारे १.१५ कोटी बाइट भरते.

ही वाचने दुहेरी जोडणीच्या लिस्टमध्ये ठेवल्यास प्रत्येक वाचनासाठी एक स्वतंत्र नोड लागतो. ६४-बिट संगणकावर नोडमधील मागचा व पुढचा असे दोन पॉइंटर १६ बाइट घेतात, त्यामुळे नोड ३२ बाइटचा होतो. लिनक्सवर प्रचलित असलेल्या ग्नू सी लायब्ररीची वाटप-यंत्रणा त्यात ८ बाइटची नोंद मिळवते आणि बेरीज १६ च्या पटीत वाढवते. म्हणजे प्रत्यक्षात ४८ बाइट खर्च होतात. मूळ माहितीच्या तिप्पट जागा लागते. शिवाय जुनी वाचने काढून नवी घालण्यासाठी दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार वेळा स्मृती मागावी लागते आणि तितक्याच वेळा ती परत करावी लागते. सर्व नोड एकाच आकाराचे असल्यामुळे येथे सर्वसमावेशक यंत्रणेची गरजच नसते. केवळ ३२ बाइटचे तुकडे देणारा साधा ॲलोकेटर हेच काम दोन-तृतीयांश जागेत आणि काही मोजक्या सूचनांमध्ये करू शकतो.

इतिहास

ॲलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत विकसित केलेली स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी जुलै १९९४ मध्ये सी++ च्या मानक समितीने स्वीकारली. ॲलोकेटर हा तिचाच एक भाग होता. मात्र त्यामागचा मूळ उद्देश आजच्यापेक्षा वेगळा होता. त्या काळी इंटेलच्या १६-बिट प्रोसेसरांवर स्मृती ६४ किलोबाइटच्या विभागांत वाटलेली असे. एकाच विभागात फिरणारे ‘निअर’ पॉइंटर आणि विभागाबाहेर जाऊ शकणारे ‘फार’ पॉइंटर असे वेगवेगळे प्रकार वापरावे लागत. कंटेनरांचा मजकूर न बदलता पॉइंटरचा प्रकार बदलता यावा, यासाठी पॉइंटरविषयीचे सर्व तपशील ॲलोकेटरमध्ये एकत्र करण्यात आले. ३२-बिट संगणक रूढ झाल्यावर ही गरज उरली नाही, पण ॲलोकेटर कायम राहिला आणि हळूहळू स्मृतिवाटपावर नियंत्रण ठेवण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले.

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी++ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मानकाने या नव्या उपयोगावर एक मोठी मर्यादा घातली. एकाच प्रकारचे सर्व ॲलोकेटर परस्परांच्या जागी वापरता येतात, असे गृहीत धरण्याची मुभा लायब्ररी लिहिणाऱ्यांना देण्यात आली. परिणामी ॲलोकेटरला स्वतःची अवस्था, म्हणजे ‘या विशिष्ट साठ्यातून जागा घ्यायची’ ही माहिती, विश्वासार्हपणे बाळगता येत नसे. दोन कंटेनरांना दोन वेगळे साठे द्यायचे असतील, तर ते सर्व लायब्ररींत चालेलच याची खात्री नव्हती. स्कॉट मायर्स यांनी २००१ मधील ‘इफेक्टिव्ह एसटीएल’ या पुस्तकात ॲलोकेटरच्या या विचित्र नियमांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत.

या उणिवांमुळे काही संस्थांनी स्वतःच्या वाटा शोधल्या. खेळ तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने आपली वेगळी कंटेनर लायब्ररी विकसित केली. पॉल पेड्रियाना यांनी २००७ मध्ये सी++ समितीपुढे मांडलेल्या निबंधात, गेमिंग यंत्रांवरील मर्यादित स्मृतीत प्रमाण ॲलोकेटर का अपुरा पडतो, याचे सविस्तर विवेचन आहे. ब्लूमबर्ग या वित्तीय माहिती कंपनीत जॉन लॅकोस यांच्या पुढाकाराने ॲलोकेटर हा कंटेनरच्या प्रकाराचा भाग न ठेवता ऑब्जेक्ट तयार करताना पॉइंटरच्या रूपाने देण्याची पद्धत रूढ झाली. पाब्लो हॅलपर्न यांनी २००५ पासून याच दिशेने समितीपुढे प्रस्ताव मांडले.

२०११ च्या मानकाने १९९८ ची मुभा काढून टाकली आणि अवस्था असलेल्या ॲलोकेटरांना पूर्ण मान्यता दिली. हॅलपर्न यांच्या प्रस्तावांतील उरलेला भाग प्रथम २०१५ च्या एका तांत्रिक विनिर्देशात व नंतर २०१७ च्या मानकात समाविष्ट झाला. २०२० च्या मानकाने मूळ ॲलोकेटरमधील कालबाह्य सदस्य वगळले आणि कंपायल करतानाच स्मृतिवाटप करण्याची सोय दिली. २०२३ च्या मानकात, मागितलेल्यापेक्षा जास्त जागा उपलब्ध झाल्यास तिचा नेमका आकार कंटेनरला कळवण्याची सुविधा आली.

रचना व कार्य

प्रमाण लायब्ररीतील बहुतेक कंटेनर हे टेम्प्लेट असतात आणि त्यांचा शेवटचा प्राचल ॲलोकेटरचा प्रकार असतो. त्याला पूर्वनिश्चित मूल्य असल्यामुळे सामान्य वापरात तो लिहावा लागत नाही. म्हणूनच अनेक विद्यार्थ्यांना त्याची पहिली ओळख कंपायलरच्या लांबलचक त्रुटी-संदेशांतून होते. ॲरे हा कंटेनर याला अपवाद आहे. त्याचे घटक त्याच्या स्वतःच्या शरीरातच असल्यामुळे त्याला ॲलोकेटरची गरज नसते.

२०११ नंतरच्या नियमांनुसार किमान ॲलोकेटर अगदी लहान असतो. कोणत्या प्रकारच्या घटकांसाठी जागा द्यायची ते सांगणारे नाव, ठरावीक संख्येच्या घटकांना पुरेल इतकी जागा देणारे ॲलोकेट हे फंक्शन, ती परत घेणारे डीॲलोकेट हे फंक्शन, दुसऱ्या घटक-प्रकाराच्या ॲलोकेटरपासून रूपांतर करण्याची सोय आणि दोन ॲलोकेटरांची तुलना एवढ्यावर काम भागते. उरलेले तपशील ॲलोकेटर-ट्रेट्स हा साहाय्यक टेम्प्लेट भरून काढतो. कंटेनर ॲलोकेटरशी थेट न बोलता या मध्यस्थामार्फतच व्यवहार करतो.

जागा देणे आणि त्या जागेत ऑब्जेक्टची उभारणी करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. व्हेक्टरने १०० घटकांची जागा आरक्षित केली तरी त्यात एकही घटक नसू शकतो. ॲलोकेट हे फंक्शन केवळ कोरी स्मृती देते. घटकांची उभारणी व विसर्जन कंटेनर नंतर स्वतंत्रपणे करवून घेतो.

रिबाइंड ही संकल्पना नवशिक्यांना हमखास बुचकळ्यात टाकते. पूर्णांकांच्या लिस्टला पूर्णांकांसाठीचा ॲलोकेटर दिला जातो. परंतु लिस्टला प्रत्यक्षात सुटे पूर्णांक ठेवायचे नसून, पूर्णांक व दोन पॉइंटर असलेले नोड ठेवायचे असतात. त्यामुळे दिलेल्या ॲलोकेटरपासून नोडसाठीचा ॲलोकेटर तयार करून घ्यावा लागतो. या रूपांतरास रिबाइंड म्हणतात. व्हेक्टरला त्याची गरज पडत नाही, कारण तो घटक सलग ठेवतो.

अवस्था असलेल्या ॲलोकेटरांमुळे एक नवा प्रश्न उपस्थित होतो: एका कंटेनरची माहिती दुसऱ्यात गेली, की ॲलोकेटरनेही तिच्याबरोबर जायचे का? मानकात प्रतिलिपी-नेमणूक, स्थलांतर-नेमणूक आणि अदलाबदल या तीन प्रसंगांसाठी वेगवेगळी उत्तरे निवडता येतात. या निवडीचे परिणाम व्यवहारात जाणवतात. एका व्हेक्टरची माहिती दुसऱ्यात स्थलांतरित करताना एरवी केवळ पॉइंटर बदलले जातात व काम तत्काळ होते. मात्र दोन्ही ॲलोकेटर असमान असतील आणि स्थलांतराबरोबर ॲलोकेटर जाणार नसेल, तर प्रत्येक घटक एकेक करून हलवावा लागतो. असमान ॲलोकेटर असलेल्या दोन कंटेनरांची अदलाबदल, ॲलोकेटरची अदलाबदल होणार नसेल तेव्हा, मानकाने अनिश्चित वर्तन ठरवली आहे.

कंटेनरात कंटेनर असतील, उदाहरणार्थ शब्दांचा व्हेक्टर, तर बाहेरच्या व्हेक्टरला दिलेला ॲलोकेटर आतील शब्दांना आपोआप मिळत नाही. तो आतपर्यंत पोहोचवण्यासाठी २०११ च्या मानकात स्कोप्ड ॲलोकेटर ॲडॉप्टर हा घटक देण्यात आला.

वाटपाच्या प्रमुख पद्धती

एकदिशा वाटप: एक मोठा सलग तुकडा आधीच घेऊन ठेवला जातो व प्रत्येक मागणीला त्यातील पुढचा भाग दिला जातो. वाटप म्हणजे केवळ एका पॉइंटरची बेरीज असते. सुटे तुकडे परत घेतले जात नाहीत; काम संपल्यावर सर्व जागा एकदम मोकळी होते. सर्व्हरला आलेली एक विनंती हाताळणे किंवा खेळातील एक चित्रचौकट रेखाटणे अशा, सुरुवात व शेवट स्पष्ट असलेल्या कामांना ही पद्धत अनुरूप ठरते. वाढत जाणाऱ्या व्हेक्टरशी मात्र तिचे जमत नाही. व्हेक्टर भरला की तो मोठी जागा घेऊन जुनी सोडतो, पण येथे सोडलेली जागा पुन्हा वापरली जात नाही. क्षमता दर वेळी दुप्पट होत असेल, तर वाया गेलेल्या जुन्या जागांची बेरीज जवळजवळ नव्या जागेएवढी होते. कमाल आकार माहीत असल्यास तो आधीच आरक्षित करणे हा त्यावरील उपाय आहे.

पूल वाटप: ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा साठा करून मोकळ्या तुकड्यांची साखळी ठेवली जाते. तुकडा देणे म्हणजे साखळीतील पहिला काढणे आणि परत घेणे म्हणजे तो पुन्हा साखळीला जोडणे. दोन्ही क्रियांना स्थिर वेळ लागतो व तुकडे समान आकाराचे असल्याने साठ्यात बाह्य विखंडन होत नाही. लिस्ट, मॅप व सेट या नोड-आधारित कंटेनरांसाठी ही पद्धत विशेष सोयीची आहे. जेफ बॉनविक यांनी सोलॅरिस कार्यप्रणालीसाठी तयार केलेला व १९९४ मध्ये मांडलेला स्लॅब ॲलोकेटर हा याच कल्पनेचा विकसित आविष्कार होय.

स्थानिक साठा: लहान कंटेनरांसाठी स्टॅकवरील ठरावीक जागा प्रथम वापरली जाते आणि ती संपल्यावरच हीपकडे वळले जाते.

सामायिक स्मृती: दोन प्रक्रियांनी एकच माहिती वापरायची असेल, तर कंटेनर सामायिक स्मृतीत ठेवावा लागतो. हा भाग प्रत्येक प्रक्रियेत वेगळ्या पत्त्यावर दिसू शकत असल्यामुळे साधे पॉइंटर चालत नाहीत. त्याऐवजी स्वतःच्या स्थानापासूनचे अंतर साठवणारे पॉइंटर वापरले जातात. बूस्ट या लायब्ररी-संग्रहातील इंटरप्रोसेस ही लायब्ररी अशी सोय पुरवते. पॉइंटरचा प्रकार बदलण्याची स्टेपानोव्ह यांची मूळ कल्पना येथे वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडते.

पॉलिमॉर्फिक ॲलोकेटर

ॲलोकेटर हा कंटेनरच्या प्रकाराचा भाग असणे ही मूळ रचनेतील मोठी अडचण होती. सामान्य ॲलोकेटरचा व्हेक्टर आणि पूल ॲलोकेटरचा व्हेक्टर हे कंपायलरच्या दृष्टीने दोन भिन्न प्रकार ठरतात. एका प्रकारासाठी लिहिलेल्या फंक्शनला दुसरा देता येत नाही. संपूर्ण प्रोग्रामभर टेम्प्लेट वापरणे किंवा माहितीच्या प्रती काढणे एवढेच पर्याय उरतात.

२०१७ च्या मानकाने यावर काढलेला तोडगा म्हणजे पॉलिमॉर्फिक ॲलोकेटर. त्यात सर्व कंटेनरांसाठी ॲलोकेटरचा प्रकार एकच असतो. तो आपल्याजवळ केवळ ‘मेमरी रिसोर्स’ या अमूर्त क्लासचा पॉइंटर ठेवतो. प्रत्यक्ष वाटपाची पद्धत त्या क्लासपासून व्युत्पन्न केलेल्या क्लासात असते व ती प्रोग्राम चालू असताना निवडता येते. मानकात एकदिशा वाटपाचा एक, थ्रेडांमध्ये समन्वय राखणारा एक पूल व समन्वयाविना चालणारा दुसरा पूल असे तयार रिसोर्स आहेत. शिवाय नेहमीच्या न्यू-डिलीटवर चालणारा आणि प्रत्येक मागणी नाकारणारा असेही दोन रिसोर्स मिळतात. नाकारणारा रिसोर्स निरुपयोगी वाटला तरी त्याचा उपयोग मोठा आहे: ठरावीक साठ्याच्या मागे तो उभा केल्यास, साठा संपताच प्रोग्राम नकळत हीपकडे न वळता लगेच त्रुटी दाखवतो.

या लवचीकतेचीही किंमत आहे. प्रत्येक मागणी आभासी फंक्शनमार्फत जाते आणि प्रत्येक कंटेनरमध्ये एक जादा पॉइंटर राहतो. रिसोर्सचे आयुष्य कंटेनरपेक्षा मोठे ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रोग्रामरवर असते; फंक्शनच्या स्थानिक साठ्यावर आधारलेला कंटेनर फंक्शनबाहेर गेल्यास त्याचे पॉइंटर नष्ट झालेल्या जागेकडे निर्देश करू लागतात. ही चूक अंशतः टाळण्यासाठी, कंटेनरची नवी प्रत तयार होताना मूळ रिसोर्स न वापरता पूर्वनिश्चित रिसोर्स वापरला जावा, असा नियम करण्यात आला आहे. मानकात आल्यानंतरही ही सुविधा सर्वत्र पोहोचण्यास वेळ लागला: जीसीसीच्या लायब्ररीत ती २०१९ मधील ९ व्या आवृत्तीत, तर एलएलव्हीएमच्या लायब्ररीत २०२३ मधील १६ व्या आवृत्तीत पूर्ण झाली.

नियंत्रण प्रणालींमधील स्थान

सर्वसाधारण संगणकावर स्मृती संपली तर प्रोग्राम बंद पडतो व पुन्हा सुरू करता येतो. यंत्रे व प्रक्रिया नियंत्रित करणाऱ्या रिअल-टाइम प्रणालींमध्ये मात्र उत्तर बरोबर असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते ठरलेल्या मुदतीत मिळणे महत्त्वाचे असते. अशा ठिकाणी सरासरी वेगापेक्षा सर्वांत वाईट स्थितीत लागणाऱ्या वेळेला अधिक वजन असते. सर्वसाधारण वाटप-यंत्रणा ही वेळ सांगू शकत नाही. महिनोन्‌महिने अखंड चालणाऱ्या प्रोग्राममध्ये विखंडनाचा परिणामही आधी वर्तवता येत नाही.

पालघर जिल्ह्यातील बोईसरजवळ असलेले तारापूर अणुऊर्जा केंद्र हे अशा गरजांचे ठळक उदाहरण आहे. १९६९ मध्ये कार्यान्वित झालेले तेथील पहिले दोन संच उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांवर चालणारे आहेत. २००५ व २००६ मध्ये व्यावसायिक उत्पादन सुरू केलेले ४ व ३ क्रमांकाचे संच प्रत्येकी ५४० मेगावॅट क्षमतेचे व दाबित जड पाण्याच्या प्रकारचे असून त्यांत संगणकाधारित नियंत्रण प्रणाली वापरल्या आहेत. या अणुभट्ट्यांचा गाभा मोठा असल्यामुळे त्याच्या निरनिराळ्या भागांतील शक्ती समतोल ठेवण्यासाठी हलक्या पाण्याचे १४ नियंत्रण-कप्पे असतात व त्यांतील पाण्याची पातळी सतत जुळवली जाते. भारतातील अशा संगणकाधारित प्रणालींच्या सुरक्षेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाने स्वतंत्र मार्गदर्शक तयार केले आहे.

अशा प्रणालीत किती संवेदक वाचायचे आणि किती कप्पे नियंत्रित करायचे, हे आराखड्याच्या वेळीच ठरलेले असते. साहजिकच लागणाऱ्या स्मृतीचा कमाल आकारही आधी काढता येतो. म्हणून सुरक्षेशी थेट निगडित सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्राम चालू असताना हीपमधून स्मृती न घेण्याची प्रथा जगभर पाळली जाते. विमान व वाहन उद्योगांतील नियमावल्यांमध्ये हाच विचार दिसतो. अमेरिकेच्या संयुक्त लढाऊ विमान प्रकल्पासाठी २००५ मध्ये तयार केलेल्या सी++ नियमावलीत, प्रारंभीची मांडणी पूर्ण झाल्यावर हीपमधून वाटप करण्यास मनाई आहे. तर २००८ च्या मिस्रा सी++ नियमावलीत हीपमधील गतिमान वाटपच निषिद्ध ठरवले आहे.

या नियमांच्या चौकटीत सानुकूल ॲलोकेटरला मर्यादित स्थान मिळते. सुरुवातीलाच एक ठरावीक साठा राखून ठेवून सर्व कंटेनरांना त्यातूनच जागा दिल्यास लिस्ट व मॅप यांची सोय टिकते आणि हीपची अनिश्चितता टळते. तथापि, साठा संपल्यास काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तो केवळ साठ्याचा आकार ठरवण्याच्या टप्प्यावर येतो. कठोर नियमांच्या क्षेत्रात म्हणून बहुधा ॲलोकेटरऐवजी ठरावीक क्षमतेचे कंटेनर वापरले जातात. २०२६ च्या मानकासाठी स्वीकारलेला, घटक स्वतःच्याच शरीरात ठेवणारा व ठरलेल्या क्षमतेपलीकडे न वाढणारा व्हेक्टर याच गरजेतून आला आहे. नोंदी ठेवणे, आलेख दाखवणे व अहवाल तयार करणे अशी सुरक्षेपासून दूरची कामे करणाऱ्या प्रोग्रामांवर इतके कडक बंधन नसते. सानुकूल ॲलोकेटरांचा वापर तेथे अधिक मोकळेपणाने करता येतो.

इतर भाषांतील व्यवस्था

एडा भाषेत १९९५ च्या मानकापासून ‘स्टोरेज पूल’ ही संकल्पना आहे. तीत वाटपाची पद्धत कंटेनरला न जोडता पॉइंटरच्या प्रकाराला जोडली जाते. २०१२ च्या मानकाने ठरावीक क्षमतेचे कंटेनरही दिले.

रस्ट भाषेत संपूर्ण प्रोग्रामसाठी एकच ॲलोकेटर बदलण्याची सोय २०१८ मधील १.२८ आवृत्तीपासून स्थिर आहे. प्रत्येक कंटेनरसाठी स्वतंत्र ॲलोकेटर देण्याची रचना सी++ प्रमाणे प्रकाराच्या प्राचलावर आधारलेली आहे; तिचा प्रस्ताव २०१६ मध्ये स्वीकारला गेला, तरी ती दीर्घकाळ प्रायोगिक स्थितीतच राहिली. एकदा स्थिर केलेली रचना मागे घेता येत नसल्यामुळे तेथे सावधगिरी बाळगली जाते.

झिग भाषेने वेगळी भूमिका घेतली आहे. तिच्या प्रमाण लायब्ररीत स्मृती लागणाऱ्या फंक्शनला ॲलोकेटर उघडपणे द्यावा लागतो. छुपे वाटप होत नाही. त्यामुळे लिहावा लागणारा मजकूर वाढतो, पण स्मृती नेमकी कोठे घेतली जाते हे वाचणाऱ्यास लगेच कळते.

जावा, गो व पायथन या भाषांत स्मृतीची व्यवस्था स्वयंचलित असल्यामुळे कंटेनरनिहाय ॲलोकेटर नसतात. पायथनमध्ये ३.४ आवृत्तीपासून संपूर्ण इंटरप्रिटरची वाटप-यंत्रणा बदलण्याची सोय आहे, मात्र ती सी भाषेच्या पातळीवरून वापरावी लागते.

मर्यादा आणि टीका

सानुकूल ॲलोकेटरमुळे प्रोग्राम वेगवान होतोच, हा समज तपासून पाहण्यात आला आहे. एमरी बर्जर, बेंजामिन झॉर्न आणि कॅथरिन मॅकिन्ली यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सानुकूल वाटप वापरणारे आठ प्रोग्राम घेतले. त्यांपैकी सहा प्रोग्रामांत डग ली यांची सर्वसाधारण वाटप-यंत्रणा सानुकूल यंत्रणेइतकीच किंवा तिच्याहून चांगली ठरली. खरा लाभ दिसला तो सर्व जागा एकदम मोकळी करणाऱ्या पद्धतीत. तेथेही सुटे तुकडे परत करता येत नसल्याने स्मृतीचा वापर वाढत असल्याचे आढळले. त्यानंतरच्या काळात जेईमॅलॉक व मीमॅलॉक यांसारख्या सर्वसाधारण यंत्रणा आणखी वेगवान झाल्या आहेत. यामुळे प्रत्यक्ष मोजमाप केल्यावाचून सानुकूल ॲलोकेटर लिहू नये, असा सल्ला दिला जातो.

दुसरा आक्षेप असा की, अनेकदा समस्या वाटपाची नसून कंटेनरच्या निवडीची असते. वर दिलेल्या ७,२०,००० वाचनांच्या उदाहरणात लिस्टला सर्वसाधारण यंत्रणेसह सुमारे ३.४६ कोटी बाइट लागतात. पूल ॲलोकेटर दिल्यास ही गरज २.३० कोटींवर येते. तथापि, तीच वाचने ठरावीक लांबीच्या वर्तुळाकार व्हेक्टरमध्ये ठेवली, तर १.१५ कोटी बाइट पुरतात, सर्व माहिती सलग राहते आणि सुरुवातीचे एक वाटप वगळता पुढे कधीच स्मृती मागावी लागत नाही. सर्वोत्तम ॲलोकेटरपेक्षा योग्य कंटेनर येथे अधिक काम करतो.

तिसरा आक्षेप गुंतागुंतीविषयी आहे. स्वतःचा कंटेनर लिहिणाऱ्यास ॲलोकेटरचे सर्व नियम पाळावे लागतात. त्यांतील काही प्रसंग इतके विरळ असतात, की ते चाचण्यांतून सहज निसटतात. मानक समितीलाही सर्वत्र हा आधार टिकवता आलेला नाही: फंक्शन साठवणाऱ्या प्रमाण क्लासातील ॲलोकेटरची सोय लायब्ररींमध्ये नीट उतरू शकली नाही आणि २०१७ मध्ये ती काढून टाकण्यात आली. याउलट समर्थकांच्या मते, स्मृतीचा स्रोत निवडण्याची सोय लायब्ररीतच नसेल तर गरजूंना प्रत्येक कंटेनर नव्याने लिहावा लागेल. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स व ब्लूमबर्ग यांनी पूर्वी केलेले प्रयत्न हाच त्याचा पुरावा होय.

हेही पाहा

सी++
स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी
गतिमान स्मृतिवाटप
रिअल-टाइम संगणन
तारापूर अणुऊर्जा केंद्र